रंगनथिट्टू : बंधाऱ्यामागे जन्मलेली सहा बेटे

म्हैसूरला जाणारा मराठी प्रवासी राजवाडा, चामुंडी टेकडी आणि वृंदावन उद्यान हमखास पाहतो, श्रीरंगपट्टणात टिपूच्या आठवणींपाशी थोडा रेंगाळतो आणि वेळ उरलाच तर ‘ते पक्ष्यांचे ठिकाण’ म्हणून रंगनथिट्टूला तासाभरासाठी डोकावतो. हा क्रम मला उलटा वाटतो. श्रीरंगपट्टणाचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे, परंतु त्याच्या अगदी शेजारी, त्याच कावेरीच्या पात्रात असलेल्या या सहा लहान बेटांनाही इतिहास आहे आणि तो राजांच्या, बंधाऱ्यांच्या, भातशेतीच्या व पाण्याच्या वाटपाच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. अभयारण्य म्हटले की माणसाचा हात न लागलेली जागा असे आपण गृहीत धरतो. रंगनथिट्टूत मात्र माणसाचा हात बाजूला केला, तर बेटेच शिल्लक राहत नाहीत.

कावेरी ही मुळातच फाटे फोडून पुन्हा एकत्र येणारी नदी आहे. तिच्या प्रवाहात तीन ठिकाणी मोठी बेटे आहेत आणि तिन्ही ठिकाणी शेषशायी रंगनाथाचे मंदिर आहे : श्रीरंगपट्टणात आदिरंग, शिवनसमुद्रला मध्यरंग आणि तमिळनाडूत श्रीरंगमला अंत्यरंग. ही मोठी बेटे नदीने स्वतः घडवली. रंगनथिट्टूची बेटे घडताना मात्र नदीला एका राजाची मदत झाली.

१६१० मध्ये राजा वडियार यांनी विजयनगरच्या प्रतिनिधीकडून श्रीरंगपट्टण घेतले आणि म्हैसूरच्या छोट्या संस्थानाची राजधानी तेथे आणली. १६३८ मध्ये कंठीरव नरसराज वडियार गादीवर आले, तेव्हा विजापूरच्या फौजा दक्षिणेत उतरलेल्या होत्या. रणदुल्लाखानाच्या ज्या कर्नाटक मोहिमांत शहाजीराजे होते आणि ज्यांत केंपेगौडांचे बंगळूर आदिलशाहीकडे गेले, त्याच मोहिमांच्या ओघात श्रीरंगपट्टणावरही हल्ला झाला व कंठीरवांनी तो परतवला. संकट टळल्यावर या राजाने किल्ला बळकट केला, स्वतःच्या नावाचे नाणे पाडले आणि १६४५ ते १६४८ या काळात कावेरीवर एक दगडी बंधारा बांधून घेतला. पाण्याची पातळी थोडी उंचावून ते कालव्यात वळवायचे, एवढाच बंधाऱ्याचा उद्देश होता. त्या काळातील दक्षिणेकडील बहुतेक बंधाऱ्यांप्रमाणे हाही बुटका, आडवा, पुराचे पाणी अंगावरून जाऊ देणारा होता.

नदी अडली की तिच्या वरच्या अंगाचे पात्र फुगते. या ठिकाणी पात्रात खडकांचे उंचवटे होते. भोवतीचा सखल भाग पाण्याखाली गेला आणि उंचवटे तेवढे वर राहिले. फुगवट्यात पाण्याचा वेग मंदावतो, वेग मंदावला की त्यातला गाळ खाली बसतो, आणि खडकाच्या आडोशाला तो जास्तच साचतो. गाळावर नदीकाठची झाडे रुजली. आज या बेटांवर प्रामुख्याने अर्जुनसादडा दिसतो, बांबूचे झुपके दिसतात आणि पाण्याच्या अगदी कडेला केवड्याची दाट बने आहेत. ही सर्व झाडे मुळे ओली राहिली तरी कुजणारी नाहीत व पुराच्या तडाख्यात सहजी उपटून जाणारीही नाहीत. येथेच इफिजेनिया मायसोरेन्सिस ही कंदवर्गातली एक लहानशी वनस्पतीही आढळते. तिचा आढळ म्हैसूरच्या परिसरापुरताच मर्यादित असून, पक्ष्यांकडे दुर्बिणी रोखलेल्या माणसांच्या पायाशी ती असते, म्हणून बहुधा कुणाला दिसत नाही.

श्रीरंगपट्टणाच्या युद्धांकडे पाहिले, की पक्ष्यांनी ही बेटे का निवडली याचे उत्तर आपोआप मिळते. किल्ल्याचा खरा खंदक म्हणजे कावेरीचे दोन फाटे. १७९२ च्या वेढ्यात इंग्रजांबरोबर निजामाची फौज होती, हरिपंत फडक्यांचे मराठा सैन्य होते. एवढ्या मोठ्या जमावाशीही टिपूने किल्ला हातचा न जाऊ देता तहावर निभावून नेले. १७९९ मध्ये किल्ला पडला तो मात्र ४ मे रोजी, भर दुपारी. ही तारीख सहज आलेली नाही. भर उन्हाळ्यात कावेरी इतकी उतरलेली असते की सैनिक पात्रातून चालत पलीकडे गेले. मोसमी पावसावर जगणाऱ्या नदीतील बेटाची हीच मेख आहे : खंदक आठ महिने भरलेला असतो आणि नेमका उन्हाळ्यात उघडा पडतो. जमिनीवरच्या शिकाऱ्यांपासून बचाव व्हावा म्हणून पक्षी बेटावर घरटे करतात, आणि त्यांतल्या पुष्कळांची पिल्ले उन्हाळ्याच्या तोंडाशीच घरट्यात असतात. पात्र कोरडे पडले तर कुत्री, रानमांजरे आणि मुंगूस यांना तेथे पोचायला कितीसा वेळ लागणार? रंगनथिट्टूत बंधाऱ्याने अडवलेले पाणी या दिवसांतही बेटांभोवती उभे राहते. राजाने पाटाच्या पाण्यासाठी केलेली सोय पक्ष्यांना अशा रीतीने बारमाही खंदक म्हणून लाभली.

या खंदकाला राखणदारही आहेत. कर्नाटकातील गोड्या पाण्यातल्या मगरींची सर्वांत मोठी संख्या याच परिसरात असल्याचे मानले जाते. वल्ह्यांची नाव खडकांमधून हळूहळू सरकत असते, आणि ज्याला आपण खडकाचाच शेवाळलेला पुढचा भाग समजत होतो, त्याचा जबडा उघडा असल्याचे एकदम ध्यानात येते. तो उघडा जबडा चढाईचा आविर्भाव नसून अंगातील उष्णता बाहेर टाकण्याचा उपाय आहे. तरीही नावेतली बोलणी तेवढ्यापुरती थांबतात. अशा वेळी मगरीच्या पाठीवरचे खवले, त्यांच्या फटींत वाळलेला चिखल आणि जबडा मिटलेला असतानाही बाहेर दिसणारे दात अगदी स्पष्ट पाहता येतात. मगरीला घरट्यापर्यंत चढता येत नाही, परंतु पोहत बेटाकडे निघालेल्या प्राण्याची वाट ती सहज अडवू शकते. या पहाऱ्याची किंमत पक्षीही मोजतात : घरट्यातून निसटून पाण्यात पडलेले पिल्लू परत वर जात नाही. चेन्नईजवळच्या मगर उद्यानात तर बगळ्यांच्या वीण हंगामात मगरी नाकाडावर काटक्या ठेवून निश्चल पडून राहतात आणि काटकी उचलायला आलेल्या पक्ष्याला धरतात, असे निरीक्षण प्रसिद्ध झालेले आहे. रंगनथिट्टूच्या मगरींना ही विद्या अवगत आहे असे मी म्हणत नाही, पण घरटी बांधण्याच्या दिवसांत पाण्यात तरंगणाऱ्या काटक्यांकडे मी तेव्हापासून जरा निराळ्या नजरेने पाहतो.

झाडांवरची गर्दी पहिल्यांदा पाहणाऱ्याला गोंधळाची वाटते, पण तिच्यात व्यवस्था असते. चित्रबलाकासारखे थोराड पक्षी शेंड्यावर, मोकळ्या जागी घर करतात, कारण एवढे मोठे पंख घेऊन त्यांना फांद्यांच्या आत शिरता येत नाही. रातबगळे, लहान बगळे आणि पाणकावळे त्याखालच्या फांद्या वापरतात. झोळीवाला पेलिकनही आता येथे वीण करतो. कधीकधी एकाच अर्जुनावर चार-पाच जातींची घरटी असतात आणि तरीही जागेवरून होणाऱ्या बारीकसारीक कुरबुरींपलीकडे भांडण जात नाही. याचे कारण त्यांच्या चोचींत आहे. चित्रबलाक अर्धवट उघडी चोच पाण्यात बुडवून चालतो, पायाने तळ ढवळतो आणि मासा चोचीला लागताच ती मिटतो. त्याला माशाला पाहण्याची गरज पडत नाही, त्यामुळे गढूळ पाणीही चालते. चमचा आपली चपटी चोच पाण्यात डावीकडून उजवीकडे फिरवत राहतो. पांढरा शराटी चिखलात चोच खुपसून किडे व अळ्या शोधतो. तिरंदाज पाण्याखाली जाऊन मासा टोकदार चोचीने भोसकतो, तर पाणकावळा माशाचा पाठलाग करून त्याला पकडतो. रातबगळ्याचा दिवस बाकीच्यांचा संपल्यावर सुरू होतो. इतक्या निरनिराळ्या तऱ्हांनी पोट भरणाऱ्यांना शेजार परवडतो.

या सर्वांत मला सर्वाधिक कौतुक मुग्धबलाकाचे वाटते. त्याची चोच मिटली तरी मध्ये फट राहते आणि पाहणाऱ्याला ती मोडकी वाटते. पिल्लांच्या चोचीत ही फट नसते, ती वयाबरोबर येते. मुग्धबलाकाचे मुख्य खाणे गोगलगाय. तो शंख चोचीत धरून फोडत बसत नाही. खालच्या चोचीचे टोक शंखाच्या झाकणाखाली सारतो, आतला स्नायू कापतो आणि मांसल भाग अलगद बाहेर ओढून घेतो, बहुतेक वेळा शंख जवळपास अखंड राहतो. या मोठ्या गोगलगायी सर्वांत विपुल असतात त्या भातखाचरांत. मंड्या जिल्ह्यातील भातखाचरे ओली राहतात ती कालव्यांच्या पाण्यावर. म्हणजे ज्या बंधाऱ्याने बेटे वेगळी काढली, त्याच प्रकारच्या बंधाऱ्यांनी आणि पुढे मोठ्या धरणाने शेते भिजवली आणि बेटावरच्या पिल्लांच्या अन्नाची तजवीज केली. मुग्धबलाकांचे थवे सकाळी बेट सोडून ज्या दिशांना जातात, तिकडे अरण्य नसून शेतकऱ्यांच्या जमिनी आहेत. अभयारण्याचे मूळ क्षेत्र अवघे ०.६७ चौरस किलोमीटर आहे. त्यातले पक्षी मात्र त्याच्या कितीतरी पट मोठ्या, कुणीही राखीव न केलेल्या प्रदेशावर जगतात. त्या शेतांत भाताऐवजी दुसरे पीक आले किंवा कीटकनाशकांनी गोगलगायी संपल्या, तर बेटावर कितीही कडक पहारा ठेवून उपयोग होणार नाही.

याच मंड्या जिल्ह्यात कोक्करे बेल्लूर हे गाव आहे. तेथे पेलिकन आणि चित्रबलाक घरांच्या अंगणातल्या, गावठाणातल्या झाडांवर घरटी करतात. तेथे खंदक नाही आणि मगरीही नाहीत. राखणदारी गावकरीच करतात. दोन्ही ठिकाणे एकाच सहलीत पाहण्यासारखी आहेत, कारण एकाच जातीचा पक्षी सुरक्षिततेचा हिशेब किती वेगवेगळ्या रीतींनी करू शकतो ते तेव्हा नीट कळते.

रंगनथिट्टूला अभयारण्याचा दर्जा मिळाला तो १९४० मध्ये. पक्षितज्ज्ञ सालिम अली त्या सुमारास म्हैसूर संस्थानातील पक्ष्यांची पाहणी करत होते. ही बेटे पाहिल्यावर त्यांनी त्यांचे महत्त्व दरबाराच्या नजरेस आणून दिले आणि संस्थानाने बेटांना संरक्षण दिले. स्वतंत्र भारतातला वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ चा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या निर्णयाचे आगळेपण जाणवते. वाघ-हत्तींच्या शिकारीसाठी रान राखून ठेवणे संस्थानिकांना नवीन नव्हते. पण ज्यांची शिकार करण्यात काही प्रतिष्ठा नाही, अशा बगळ्या-पाणकावळ्यांसाठी जागा राखणे ही निराळी गोष्ट होती. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी भोवतालच्या नदीपात्रासह सुमारे ५१७ हेक्टर क्षेत्राची नोंद रामसर या आंतरराष्ट्रीय कराराखालील महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून झाली आणि कर्नाटकाला आपले पहिले रामसर स्थळ मिळाले. महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ नांदूर मधमेश्वर हेही गोदावरीवरच्या बंधाऱ्यामागे गाळ साचून तयार झालेले आहे, हा योगायोग म्हणायचा की नियम, हे मी वाचकांवर सोडतो.

रामसरच्या नोंदीत पक्ष्यांइतकेच महत्त्व पाण्याखालच्या जीवांना आहे. कावेरीचा कुबडा महाशीर येथे टिकून आहे. वजनाने माणसाच्या तोडीस जाऊ शकणारा हा मासा शिकारी गळवाल्यांना शंभर-दीडशे वर्षे ठाऊक होता, पण त्याचे शास्त्रीय नाव टॉर रेमादेवी हेच असल्याचे २०१८ मध्ये स्पष्ट झाले आणि तोवर तो नष्ट होण्याच्या काठावर पोचलेला होता. पाणमांजरांची जोडी किंवा टोळी नशिबाने दिसते. ती दिसण्याआधी बहुधा खडकावर माशांच्या खवल्यांनी भरलेली तिची विष्ठा दिसते. झाडांवर दिवसभर लटकलेली मोठी वटवाघळे मात्र कुणालाही चुकत नाहीत, आणि पक्ष्यांच्या कोलाहलात त्यांची किरकिर सहज मिसळून जाते.

नावेतून जाताना मोठ्या पक्ष्यांवरून नजर काढून खडकांच्या खालच्या अंगाकडे वळवावी, असा माझा आग्रह असतो. पाण्यावर झुकलेल्या कातळांच्या पोटाशी भिंगऱ्यांची घरटी आहेत. चिखलाच्या बारीक गोळ्या एकमेकींवर चिकटवून केलेली ही घरटी अरुंद तोंडाच्या मडक्यांसारखी असतात, आणि एकाच्या भिंतीला दुसऱ्याची भिंत लावून त्यांची सलग वस्ती झालेली असते. जवळून पाहिले तर गोळ्यांच्या रांगा मोजता येतात. वाळलेल्या रांगेवर नव्या ओल्या गोळ्यांची गडद रांग दिसली, की त्या दिवशीचे काम कुठवर आले आहे तेही कळते. तोंडातून रेघाळलेल्या कंठाचे एक लहान डोके बाहेर येते, नाव फार जवळ आली असे वाटून आत जाते आणि लगेच पुन्हा बाहेर येते.

या घरट्यांच्या खाली पाण्याची रेघ असते, आणि ती रेघ कोठे असावी हे आता नदी ठरवत नाही. बेटांच्या वरच्या अंगाला कृष्णराजसागर आहे. विश्वेश्वरय्यांच्या देखरेखीखाली १९११ मध्ये सुरू झालेले हे धरण १९३० च्या दशकाच्या आरंभी पुरे झाले. हेमावती आणि लक्ष्मणतीर्थ या नद्यांचे पाणीही त्याच जलाशयात येते. पूर्ण पातळी १२४.८० फूट आणि साठा सुमारे ४९ टीएमसी, म्हणजे ४९ अब्ज घनफूट. पाऊस भरपूर झाला आणि जलाशय भरला, की येणारे पाणी खाली सोडण्यावाचून गत्यंतर नसते. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत सोडलेल्या पाण्याने बेटे झोडपली, काठ खचले, झाडे गेली आणि नंतर वनखात्याला वाळूची पोती रचून व रोपे लावून बेटांची डागडुजी करावी लागली. माणसाने चुकून घडवलेली बेटे माणूस आता जाणीवपूर्वक टिकवून धरतो आहे.

पावसाळ्यातला पूर मात्र नदीच्या स्वभावात बसणारा आहे आणि येथल्या जीवांनी आपले वेळापत्रक त्याभोवतीच बसवलेले असते. मगर उन्हाळ्याच्या सुरुवातीला वाळूच्या काठात खड्डा करून अंडी घालते, दोन महिन्यांच्या आसपास पिल्ले बाहेर येतात आणि मोठे पाणी येईपर्यंत ती पोहू लागलेली असतात. अडचण अवेळी येणाऱ्या पाण्याची आहे. नदी सुरय आणि मोठा करवानक हे पक्षी घरटे बांधतच नाहीत. उघड्या कातळावर किंवा वाळूच्या दांड्यावर, एखाद्या खळग्यात अंडी घालतात. अंड्यांचा रंग भोवतीच्या खड्यांत असा मिसळतो, की नावाड्याने बोट दाखवूनही ती पटकन दिसत नाहीत. ही वीण उन्हाळ्यात होते, कारण हजारो वर्षांच्या अनुभवाने उन्हाळ्यात नदी उतरते आणि ती पावसापर्यंत चढत नाही. धरण झाल्यापासून हा भरवसा राहिलेला नाही. खालच्या गावांना पिण्यासाठी, कालव्यांसाठी किंवा तमिळनाडूला द्यायच्या हिश्श्यापोटी एप्रिल-मेमध्येही पाणी सुटू शकते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये तो वार्षिक हिस्सा १७७.२५ टीएमसी ठरवून दिला आहे आणि त्याचे मोजमाप दोन्ही राज्यांच्या सीमेवरील बिळिगुंडलू येथे महिन्यांच्या हिशेबाने होते. त्या हिशेबात शेतकरी आहे, शहर आहे, दोन राज्ये आहेत. कातळावर अंड्यांवर बसलेल्या सुरयासाठी पाणी एकदम न सोडता टप्प्याटप्प्याने वाढवावे किंवा विणीच्या आठवड्यांत पातळी शक्यतो स्थिर ठेवावी, असा रकाना त्यात नाही. वास्तविक यासाठी एक थेंबही जास्त लागणार नाही, फक्त दरवाजे उघडण्याची रीत बदलावी लागेल.

नावेच्या फेऱ्यांबद्दल पक्षिप्रेमींत दोन मते आहेत. माझे मत असे, की वल्ह्यांच्या नावा राहू द्याव्यात. येथले पक्षी त्यांना सरावलेले आहेत, आणि अंतर राखून चालणाऱ्या नावेपेक्षा काठावरून मोठ्याने ओरडणारी सहल अधिक उपद्रवी असते. मगरीचे छायाचित्र हवे म्हणून नाव आणखी जवळ घ्यायला लावणे मात्र बंद व्हावे. नावाडी बहुधा नकार देत नाहीत, कारण बक्षिशीचा प्रश्न असतो. म्हणून हा नकार नियमानेच दिला पाहिजे.

कोणाला जायचे असेल तर घरट्यांवरचे चित्रबलाक पाहायला फेब्रुवारीनंतरचे दिवस धरावेत. हिवाळ्यात घरटी कमी दिसली तरी हवा सुखद असते आणि उत्तरेकडून आलेले पाहुणे भेटतात. सकाळी प्रवेश सुरू होताच पोचावे, कारण ऊन चढले की मगरी तेवढ्या जागेवर राहतात, बाकीचे सावली धरतात. जून ते ऑक्टोबरमध्ये जायचे झाल्यास कृष्णराजसागरातून किती क्युसेक विसर्ग चालू आहे ते आदल्या दिवशी बातम्यांत पाहून निघावे. आकडा मोठा असला की नावा बांधून ठेवलेल्या असतात आणि बेटे काठावरूनच पाहावी लागतात.